थंड इंजिनाची आंघोळ

बाबा, तुमचं इंजिन आम्ही उघडलं. उघडलं म्हणजे बॉयलरवरचा हिरवा पत्रा काढला. त्या पत्र्याखाली, बॉयलरची ऊब जाऊ नये म्हणून जे गोधडीसारखं भरलेलं असतं, ते ओलं निघालं. नुसतं दमट नाही, पिळलं तर पाणी गळेल असं ओलं. त्याची धूळ छातीत गेली तर वाईट, म्हणून तोंडाला मास्क लावलेली माणसं आली आणि ते सगळं पोत्यांत भरून घेऊन गेली. मग मी वाकून बॉयलरच्या पोटाला बोट लावलं, तर गंजाची पापडासारखी खपली सुटून हातात आली. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. दसरा होऊन दिवाळी गेली होती, थंडी पडायला लागली होती. म्हणजे ते पाणी आकाशातून आलेलं नव्हतं. ते आम्हीच ओतलेलं होतं. मला राग आला आणि तो दुसऱ्या कोणावर नाही, तुमच्यावर आला. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली, इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. सहावीपर्यंतची माझी शाळा, दोन ओळी लिहिल्या की हात भरून येतो. पण हे तोंडी सांगायला गेलं की जो तो म्हणतो, "असू द्या न ताई, तुमची काय चूक." मला चूक नको आणि असू द्या पण नको. मला फक्त विचारायचं होतं की तुम्ही सांगितलं काहून नाही.

आधी हे सांगते की इंजिन उघडायची वेळ का आली. तुम्ही गेल्यावर तुमच्या जागेवर मला लावलं, ते तुम्हाला कुठून माहीत असणार. झाडू मारण्यापासून सुरुवात केली, मग पाना उचलून देणं, मग पाना फिरवणं. छोटी लाईन तोडली, रूळ उचलून नेले, तुमच्या शेडमधली बाकीची इंजिनं भंगारात गेली. हे एक राहिलं, कारण कोणाला तरी वाटलं की एखादं असू द्यावं, लोक बघायला येतील. ते शेडच्या कोपऱ्यात उभं राहिलं आणि मी त्याच्या आसपास म्हातारी होत गेले. मागच्या वर्षी एक नवे साहेब आले. माझ्या पोरीच्या वयाचे असतील, पण केस गेलेले. ते म्हणाले, "ताई, रंग मारून ठेवायचं काम करायचं नाही. हे चालवायचं. आणि असं करायचं की आपण सगळे गेल्यावरही पुढच्या दोन-तीन पिढ्या चालवतील." मी म्हटलं, "तुमाले बदलीचा कागद आला का मग पाहू." असे पुष्कळ पाहिले मी. पण हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जुने कपडे घालून आला आणि इंजिनाखाली शिरला. तरीही मला तो आवडला नाही. जास्त बोलतो.

तुम्ही तर बोलतच नव्हता. बॉयलरच्या भट्टीत शिरून वर्षानुवर्षं हातोडा मारणाऱ्या माणसाचे कान राहतात कशाला? तुमच्या शेडमध्ये अर्धे बहिरे होते आणि उरलेले त्या बहिऱ्यांशी बोलून बोलून ओरडणारे. घरी आई तुम्हाला हाक मारत नसे. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसलेले असता, आई स्वयंपाकघरात पाट जमिनीवर आपटते, तुमच्या तळपायाला ते कळतं आणि तुम्ही उठून जेवायला येता. शेजारच्या बाया हसायच्या. आई म्हणायची, "याले कितीबी शिव्या द्या, हसतेच. भांडू तरी कोणासंग मी?" तिची आणखी एक तक्रार होती, ती मी जन्मापासून ऐकली. मी तिच्या पोटात होते, दिवस भरत आले होते, तेव्हा तुम्ही या इंजिनावर नवा बॉयलर बसवत होता आणि घरी यायचं नाव नव्हतं. "तुह्या बापाले त्या वर्षी दोन लेकरं झाली," असं ती म्हणायची, "अन् पहिलं पाहाले तो तिकडंच गेला." म्हणजे बॉयलर आणि मी एका वयाचे. तुम्ही कधी याला हो किंवा नाही म्हटलं नाही, आणि म्हणायला तुम्हाला ते ऐकूच येत नव्हतं.

दुपारचा डबा घेऊन मी यायची ते आठवतं का तुम्हाला? क्वार्टरपासून शेडपर्यंत रुळाच्या कडेकडेने, पायाला खडी टोचत. ज्या दिवशी इंजिन दुरुस्त होऊन बाहेर काढायचं असे त्या दिवशी तुम्ही मला थांबवून घेत होता. डबा तसाच राहतो, तुम्ही इंजिनाच्या समोर उभे राहता, हात पुसत. ड्रायव्हर वरून शिट्टीची दोरी ओढतो आणि तुम्ही त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघता. "वाजली का वं बाई?" मी मान हलवली की तुम्ही डबा उघडणार. धुराड्यातून धूर दिसतो, चाकाखालून वाफ दिसते, पण शिट्टीचं तुम्हाला माझ्याकडूनच कळायचं. एकदा माझं लक्ष नव्हतं. ओच्यात बोरं होती, मी खात उभी होते. तुम्ही विचारलं आणि मी मान हलवली. वरून ड्रायव्हर ओरडला, "अजून ओढलीच नाही, तिले काय ऐकू आलं?" सगळी शेड हसली. तुम्हाला हसणं दिसलं. तुम्ही मला मारलं नाही. एवढंच म्हणालात, "माह्ये कान मी तुह्यापाशी ठेवले न वं बाई. अन् तू बोरं खाऊन राहिली?" त्यानंतर कितीतरी दिवस मी शेडमध्ये यायच्या आधी ओच्यातलं सगळं बाहेर टाकून यायची, शेंगदाणेसुद्धा.

आता दसऱ्याचं. शेडमध्ये खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, इंजिनाला झेंडूचा हार, नारळ. तुम्ही त्यात नव्हता. दसऱ्याला आपण पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला जात होतो, आणि पूजेच्या वेळी तुम्ही शेडच्या बाहेर विडी ओढत बसत होता. पण त्याआधी इंजिन धुवायचं काम तुम्ही कोणाला करू दिलं नाही. तुमच्या हाताखालचे काका, जे तुम्हाला हातोडा देत आणि पूजेत नारळ फोडत, ते चिडवायचे, "काहून गा, देव मानत नाही अन् त्याले आंघोळ घालतं?" तुम्ही ओठ वाचून उत्तर द्यायचे, "पूजा तुमची. धुणं माह्यं." इंजिनाच्याच बॉयलरमधलं पाणी पाईपने घ्यायचं, सोड्याने घासायचं, वरून खाली, धुराड्यापासून चाकापर्यंत. मी बादली धरायची. पाणी पडलं की सगळीकडून वाफ उठायची, तुम्ही त्यात दिसेनासे व्हायचे, आणि थोड्या वेळाने बाहेर यायचे तेव्हा इंजिन कोरडं ठक्क, चकचकीत. माझ्या लहानपणातलं सगळ्यात चांगलं काय, असं कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. विचारत नाही कोणी.

तुम्ही गेल्यावर पहिला दसरा आला तेव्हा मी नळाला पाईप लावला आणि इंजिन धुतलं. कोणी सांगितलं नव्हतं. तुमची जागा मला मिळाली होती, म्हणजे धुणंही माझं. दुसऱ्या वर्षी दोघं-तिघं आले मदतीला. मग तो रिवाजच पडला. नवे लागलेले यायचे, रिटायर झालेले यायचे, बायकापोरं घेऊन यायचे. काका पाईप धरायचे आणि मुद्दाम कोणाच्या तरी अंगावर पाणी मारायचे. वरून खाली, धुराड्यापासून चाकापर्यंत, अगदी तुमच्यासारखं, हात न आखडता. फक्त इंजिन थंड होतं, बाबा. त्याच्या पोटात आग नव्हती. पाणी पत्र्याच्या फटीतून आत जायचं आणि जायला जागा नसल्यामुळे तिथेच बसायचं, पुढच्या दसऱ्यापर्यंत. वर्ष-वर्ष ओली गोधडी पांघरून आम्ही त्याला कोपऱ्यात उभं केलं आणि वरून म्हटलं की बघा, किती जपलंय. भंगारात गेलेल्या इंजिनांवर निदान कोणी असं प्रेम केलं नाही.

साहेबांनी जाडी मोजायचं यंत्र लावून सगळा बॉयलर तपासला. मी मागे उभी होते. त्यांनी एकाच जागी तीनदा यंत्र लावलं, त्यावरूनच मला कळलं. मी म्हटलं, "ठिगळं लावा. बाबानं किती लावली होती, चालत होतंच न."

ते म्हणाले, "ठिगळ लावायला बाजूचं कापड तरी मजबूत लागतं, ताई. हे शिवायला गेलो तर सुईच्या भोकातूनच फाटेल. आणि आत वाफेचा दाब असतो. माणसं उभी असणार आजूबाजूला."

खरं बोलत होते. म्हणून आणखी राग आला. मग त्यांनी सांगितलं की रस्ते दोन आहेत. नवा बॉयलर बनवून घ्यायचा, तर इंजिन चालेल, नीट ठेवलं तर पुष्कळ वर्षं चालेल. नाहीतर हाच बॉयलर तसाच ठेवायचा, वरून पत्रा लावून रंग द्यायचा आणि गेटजवळ चबुतऱ्यावर उभं करायचं. वरच्या लोकांना चबुतराच बरा वाटतो, लवकर होतो. "पण मला वर सांगायचंय की जुनी माणसं काय म्हणतात. आणि जुनी माणसं म्हणजे इथे आता तुम्हीच. तुमच्या वडिलांचा बॉयलर आहे."

मी म्हटलं, "चबुतऱ्यावर ठेवा."

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. "ताई, तुम्हाला ते चालताना पाहायचं नाही का?"

"विचारलं न तुमी? सांगितलं न मी?"

"विचार करून सांगा," ते म्हणाले. "मी वर काही कळवत नाही अजून."

मी विचार काय करणार? तुमचा हातोडा ज्या पत्र्यावर पडला, ज्याच्यासाठी तुम्ही मला बघायला उशिरा आलात, तो कापून भंगारात घालायचा आणि त्याच्या जागी कुठल्या तरी कारखान्यातला नवा कोरा बसवायचा. मग त्यात तुमचं काय राहिलं? चाकं दुसऱ्यांनी केलेली, शिट्टी तर कोणीतरी केव्हाच चोरून नेली. बॉयलरच तेवढा तुमचा होता. आणि तो न कापावा तर इंजिन कायमचं उभं. चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. घरी भाजी करपवली आणि तशीच वाढली.

मग काकांकडे गेले. ते आता शहराच्या टोकाला, बेसाला पोराच्या फ्लॅटमध्ये राहतात, चौथ्या माळ्यावर. दोन ऑटो बदलून गेले, तर दारात मला बघून त्यांनी पहिलं हेच विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं. बॉयलर गेला."

"आँ?"

"बॉयलर," मी त्यांच्या कानाशी ओरडले. आतून सून डोकावून गेली.

"तेच म्हणतो न मी. गेला म्हणजे मेलाच न." त्यांनी मला खाली बसवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. गुडघे वाकत नाहीत. "जोरात बोल, पण पाय आपटू नको. इथं जरा काही आपटलं का खालचे लोकं भांडाले वर येते."

मी सगळं सांगितलं. अर्धं ओरडून, अर्धं हातांनी. ओल्या गोधडीचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "थंड्यावर कायले पाणी मारत होते वं तुमी?"

"तुमीच तर पाईप धरत होते काका. दरसाल."

ते दात नसलेल्या तोंडाने हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "हो वं. धरत होतो न. मजा येत होती."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बाबानं सांगितलं काहून नाही? एवढी वर्षं मी बादली धरली. एकदा तरी म्हणायचं होतं का थंड असलं तर पाणी लावू नको."

काका हसायचे थांबले. "कसा सांगन तो? त्यानं थंड इंजिन पाहिलंच कुठं? आग काढली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हात पोळे. धुवाले काढलं तर लगेच परत पेटवाचं. त्याले वाटे इंजिन म्हणजे गरमच असते." मग म्हणाले, "आमाले सगळ्याईलेच तसं वाटे."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी तुमच्याशी इतके दिवस मनातल्या मनात भांडत होते आणि तुम्हाला ती गोष्ट माहीतच नव्हती. पण राग एकदम जात नाही, त्याला बसायला दुसरी जागा लागते. मी म्हटलं, "आता बाबाचा बॉयलर कापून फेका म्हणते साहेब."

"मग?"

"मग काय मग? बाबानं बसवलेला आहे तो."

"हो न. मीच होतो संग. अन् त्याच्या आधी तिथं काय होतं, मोकळं होतं का?" काकांनी खुर्चीच्या हाताला धरून अंग पुढे घेतलं. "आदला बॉयलर होता न तिथं. कोण्या दुसऱ्या मिस्त्रीचा. तो आमीच काढला, तुह्या बापानं अन् मी. कापला अन् भंगारात टाकला, अन् वर बसून चहा पेलो. त्या मिस्त्रीची पोरगी आली होती का रडत?"

"त्याला पोरगी होती?"

"मले काय माहीत. कोणी विचारलंच नाही."

सुनेने चहा आणून ठेवला. काकांनी बशीत ओतला, फुंकला, प्यायला. मी विचारलं, "मग साहेबाले काय सांगू?"

"मले कायले विचारतेस? चबुतऱ्यावर ठेवशीन तर मी पाहाले येत नाही. उभं लोखंड पाहासाठी लिफ्टनं खाली कोण उतरते."

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, नवा टाका. ते समजावायला लागले की हा निर्णय कसा बरोबर आहे, जगात सगळीकडे जुनी इंजिनं अशीच टिकवतात, वगैरे. मी म्हटलं, "मला समजावू नका. टाका म्हटलं न." तुमचा बॉयलर कापायचा होता त्या दिवशी मी सुट्टी घेतली. घरी बसवेना म्हणून गांधीबागेच्या कापडबाजारात गेले आणि एका दुकानात पडद्याचं कापड काढायला लावलं. माझ्या घराला दोनच खिडक्या. दुकानदाराने थानांवर थानं उलगडली, मी हात लावून बघत राहिले, पुढचं म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "बाई, घ्याचं आहे का नाही?" मी म्हटलं नाही. तो काय बोलला ते मी थांबून ऐकलं नाही. त्याचं बरोबर होतं.

नवा बॉयलर आला तो ट्रकवर, ताडपत्रीखाली. त्याच्यावर मला माया आली असं सांगणार नाही. लोखंड होतं, वास नवा होता. बसवायला फार दिवस लागले. एक जागा जमली की दुसरी हटायची. पाण्याचा दाब देऊन बघितला, गळला, परत केला. माझी कंबर गेली त्यात. साहेबांची झोप गेली असावी, डोळे तसे दिसायचे. पूर्वी हे काम करताना तुम्ही घरी येऊन काही बोलत नव्हता त्याचं कारण मला आता कळलं. बोलायला अंगात काही उरत नाही. मी घरी येऊन पायाखाली उशी घेऊन पडायची आणि पोरीचा फोन आला तर झोपले म्हणून सांगायची.

आग पेटवायच्या दिवशी काकांना बोलावून आणलं. स्वच्छ धोतर, टोपी. साहेबांनी खुर्ची दिली तर बसले नाहीत. इंजिनाच्या पुढच्या आडव्या लोखंडावर तळहात ठेवून उभे राहिले. आधी लाकडं, मग कोळसा, हळूहळू, कारण नवा बॉयलर एकदम तापवायचा नसतो. दुपार कलली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दाबाचा काटा चढत गेला, चाकाखालून वाफ सुटली, आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या साहेबांनी शिट्टीची दोरी ओढली. काकांनी हात तसाच ठेवून माझ्याकडे मान वळवली. "वाजली का वं?"

मी मान हलवली. वाजली होती, बाबा. शेडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडून गेली इतकी वाजली. काकांनी डोळे मिटून घेतले आणि हात काढला नाही. मी तोंड धुवायला नळावर गेले.

परत आले तर साहेब खाली उतरले होते. शिट्टी नवीन घडवलेली, पितळेची. तिच्यावरची टोपी खालीवर केली की आवाज जाड-बारीक होतो. त्यांच्या हातात पाना होता. ते म्हणाले, "ताई, जुनी शिट्टी ऐकलेलं माणूस आता तुम्हीच आहात. काकांना विचारून उपयोग नाही. सांगा, अशीच होती का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जरा जाड होती. त्यांनी टोपी फिरवली, परत वाजवली. मी म्हटलं, एवढी नाही. परत फिरवली, परत वाजवली. मी मान हलवली. म्हटलं, "हो. हीच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचे डोळे भरून आले, एवढा शिकलेला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे टोपी पक्की करून घेतली, कोणी हलवू नये अशी. आता जे बघायला येतात त्यांना सांगतात की ही शिट्टी जुन्यासारखीच आहे, इथल्या ताईंनी कानाने ओळखून दिली.

यंदा खंडेनवमीच्या आधी इंजिन पेटवलं. लोक पाईप घेऊन सकाळीच हजर होते, मी नळासमोर उभी राहिले आणि कोणाला हात लावू दिला नाही. चांगलं तापू दिलं. मग त्याच्याच बॉयलरचं पाणी घेतलं आणि वरून खाली धुतलं. वाफ उठली, मला पुढचं काही दिसेना, चष्मा काढून कमरेला खोचला. वाफ विरली तेव्हा इंजिन कोरडं होतं. मी जागोजागी हात फिरवून बघितलं. काकांनी हार घातला, मी बाहेर जाऊन उभी राहिले. विडी ओढत नाही, पण तुमच्याच जागेवर. आणि शेडच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं आहे, की थंड इंजिनाला पाणी लावायचं नाही. तुम्हाला सांगायला सुचलं नाही ते मी सांगून ठेवलं. मला काय सुचलं नाही ते पुढे कधीतरी कोणी पत्रा उघडेल तेव्हा त्याला कळेल, आणि तो मला शिव्या देईल. देऊ दे.

हा कागद मी डब्याच्या पिशवीत घालून रोज नेते आणि रोज परत आणते. भट्टीत टाकावा असं एकदा वाटलं होतं, टाकला नाही. यातली एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. तुमची शिट्टी कशी वाजायची ते मला आठवत नाही, बाबा. तुमचा चेहरा आठवतो, माझ्याकडे वळलेला, हात पुसताना. आवाज आठवत नाही. पहिल्यांदा वाजली तेव्हाही मला काही ओळखू आलं नाही, दुसऱ्यांदाही नाही, आणि तिसऱ्यांदा मी मान हलवली ती मला भूक लागली होती म्हणून.